बॉबिनचे चौऱ्याण्णव

शर्त लागली तेव्हा मी न्हाव्याच्या खुर्चीत होतो. एका गालावर साबण, दुसरा गाल साफ. अशा वेळी माणसानं तोंड बंद ठेवावं. पण ते मला जमलं असतं तर मी आज कुठल्या कुठे असतो.

आमची चार दुकानं एकाच इमारतीच्या पायथ्याशी, एका ओळीत. पहिलं मोबाइल दुरुस्तीवाल्याचं. तो बोलता बोलता मधेच अडकतो, भलतीकडे बघत उभा राहतो आणि मग पुन्हा चालू होतो, म्हणून त्याचं नाव सिग्नल. दुसरं न्हाव्याचं. तिसरं माझ्या वहिनीचं, शिवणाचं. शाळेचे गणवेश शिवण्यात तिचा हात धरणारा कोणी नाही. शेवटचं माझं, चाव्या-कुलपांचं.

सिग्नल सलूनच्या दारात उभा राहून फुशारक्या मारत होता. त्याच्या दुकानात भिंतीएवढा टीव्ही आहे. दर रविवारी दुपारी तो त्यावर प्राण्यांच्या झुंजीचा खेळ लावतो. ज्याला हौस त्यानं आपला हातातला खेळ, म्हणजे बटणांचा छोटा व्हिडिओ गेम, आणायचा, टीव्हीला जोडायचा आणि सिग्नलच्या डेथकिंगशी लढायचं. डेथकिंग म्हणजे त्यानं वाढवलेला राक्षस. शिंगं, पंख, शेपटीला गदा, जे जे मिळेल ते सगळं अंगावर. तुमचे तीन प्राणी, त्याचा एकटा डेथकिंग. तुमच्या प्रत्येक प्राण्यानं एक वार करायचा, एक खायचा, मग बाहेर. तिघांत मिळून डेथकिंग आडवा झाला तर तुम्ही जिंकलात.

"अकरा रविवार झाले," सिग्नल म्हणाला, "माझ्या डेथकिंगला अजून कोणी..." इथे तो अडकला. आम्ही वाट पाहिली. न्हाव्यानं तेवढ्यात वस्तरा पुसून घेतला. "...लोळवलेलं नाही."

"त्यात काय मोठंसं," मी साबणातून म्हणालो. "बटण दाबायचं, नशिबात असेल तो आकडा पडायचा. गाढवाला बसवलं तरी जिंकेल."

पलीकडे शिलाई मशीन थांबलं. वहिनीचं मशीन मधेच थांबलं की समजावं, कोणाचं तरी माप निघणार.

"भाऊजी," भिंतीपलीकडून आवाज आला, "ते नशीब नसतं. माप असतं."

"कसलं माप?"

"कोणत्या वारानं कोणाचा किती जीव जाणार याचं. आधीच सांगता येतं."

आता इथे थोडं मागचं सांगायला हवं. चार वर्षांपूर्वी वहिनीचं उजवं मनगट मोडलं होतं. प्लास्टर निघालं तेव्हा बोटं अशी आखडलेली, की कात्री धरता येईना. डॉक्टर म्हणाले, बोटं हलवत राहा. माझी पुतणी तेव्हा शिकायला परगावी निघाली होती, तिनं आपला हातातला खेळ आईला दिला, म्हणाली, "आई, याची बटणं दाबत बस." वहिनी बसली. बोटं सुटली, कात्री परत हातात आली, पण खेळ काही सुटला नाही. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती मशीनवर हनुवटी टेकून खेळते. प्राण्यांना नावंही तिनं घरचीच ठेवली: काज, टाचणी, अस्तर. आणि बॉबिन. बॉबिन म्हणजे काटेरी पाठीची एक गोल गोगलगाय, सगळ्यात मंद, सगळ्यात जुनी. प्लास्टर निघाल्याच्या पहिल्याच आठवड्यात, बोटं धड वळत नव्हती तेव्हा तिनं ती पकडली होती. दुकान बंद करताना वहिनी एकदा बॉबिनला उघडून बघते, हे मी स्वतः पाहिलंय. नुसतं बघते आणि शटर ओढते.

तर अशा बाईला मी म्हणालो, "वहिनी, तू कापड मापतेस तसं राक्षस मापणार होय? उगाच अंदाजपंचे दाहोदरसे!"

मशीन चालू झालं नाही. ती दारात आली. गळ्यात टेप, ओठांत दोन टाचण्या.

"मी अंदाजपंचे काम करते?"

न्हावी हळूच म्हणाला, "मिटलं. आता तुझी शिलाई उसवणार."

मी मागे हटणारा असतो तर ना! मी म्हणालो, "लाव शर्त. रविवारी डेथकिंगशी लढ. पहिले पाच वार. प्रत्येक वाराआधी सांगायचं, किती जीव जाणार. एक आकडा चुकला तर माफ, वहिनी आहेस. दुसरा चुकला की हरलीस. आणि नुसते आकडे नाहीत, डेथकिंगही पडला पाहिजे. हरलीस तर दुकानावर पाटी लावायची: येथे कपडे अंदाजपंचे शिवून मिळतील. महिनाभर. पाटी मी रंगवून देतो."

पाट्यांबाबत माझा लौकिक आहे. सिग्नलच्या दारावर 'येथे तुटलेल्या मैत्रीला रेंज मिळेल' अशी पाटी मी लावली होती, ती त्याला चार दिवसांनी दिसली. त्यामुळे हा माणूस पाटी खरंच लावेल याबद्दल कोणाच्या मनात शंका नव्हती.

"आणि तुम्ही हरलात तर?" वहिनीनं टेप गळ्यातून काढला.

"तू सांग."

"सरळ उभे राहा." मी उठलो. साबणासकट. तिनं माझ्या कमरेला टेप गुंडाळला, मग मांडीला, मग खांद्यावरून. "पहिलीचा गणवेश. हाफ पँट, पट्टा, खिशाला रुमाल. शाळा सुटताना चौकात उभं राहून दीडकीचा पाढा म्हणायचा. तीसपर्यंत. चुकलात की परत पहिल्यापासून."

"माप आत्ताच कशाला घेतेस?"

"रविवारनंतर गर्दी असते," ती म्हणाली.

तेव्हा मी खूप हसलो. सगळ्यात जास्त मीच हसलो. मग दुकानात येऊन पाटीला पहिला रंगही मारला, हिरवा. हिरव्यावर पिवळी अक्षरं लांबून वाचता येतात.

*

शुक्रवारी मला कळलं, की मामला साधा नाही.

मी तिच्याकडे सुई मागायला गेलो, म्हणजे खरं तर टेहळणीला. ती अस्तराच्या तुकड्यावर चपट्या खडूनं आकडे मांडत होती. समोर पुतणीनं पाठवलेलं सूत्र, वहीच्या कागदावर.

"बघू तरी तुझं माप," मी म्हणालो.

"बघा. मारणाऱ्याचा जोर एवढा. खाणाऱ्याच्या कातडीची जाडी एवढी. जाड कापडाला सुई कमी घुसते ना, तसं. मग घावाचं वजन. प्राणी पन्नासाव्या पायरीचा असला की बावीसनं गुणायचं, जोरानं गुणायचं, जाडीनं भागायचं, पन्नासनं भागायचं. आणि वर दोन टाकायचे."

"दोन कशाचे?"

"दोन बोटं माया." शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. ते नसेल तर कपडा अंगावर उसवतो. "हे सूत्र ज्यानं कापलं ना भाऊजी, तो चांगला कारागीर असणार. माया सोडायला विसरला नाही."

"आणि नशीब?"

"आहे की. खेळ मनात एक फासा टाकतो, सोळा बाजूंचा. सगळ्यात वाईट पडला तर शंभरातले पंच्याऐंशी मिळतात, सगळ्यात चांगला पडला तर पूर्ण शंभर. म्हणून मी एक आकडा नाही सांगणार. इतक्यापासून इतक्यापर्यंत सांगणार. आग मारणारा प्राणी आगच मारत असला तर वर दीडपट. दीडकी मला पाठच आहे."

हे ती बोलत होती तेव्हा तिच्या बोटांनी अंगठ्यावर भराभर काहीतरी मोजणं चालूच होतं. मी कुलपं उघडणारा माणूस. कुलूप न उघडता आत किती खाचा आहेत हे हातांना कळतं, तेव्हा काय वाटतं ते मला माहीत आहे. ही बाई बंद कुलपाच्या आत बघत होती.

"आणि पडला एखादा तर?" मी विचारलं. "परत उठवता येतो ना? बाटली पाजून?"

"येतो. मी नाही उठवत." तिनं खडू खाली ठेवला. "माझा नियम आहे. पडला की सोडून द्यायचा, कायमचा. कापड एकदाच कापलं जातं, म्हणून आपण दहादा मोजतो. परत जोडता येतं म्हटल्यावर कोण मोजेल?"

"मग बॉबिन?"

"बॉबिनला मी उतरवणारच नाही. काज, टाचणी, अस्तर. तिघांत काम होतं. मोजलंय मी."

मी सुई न घेताच परत आलो. पाटीची पिवळी अक्षरं अर्धी झाली होती. 'अंदाज'पर्यंत.

*

रविवारी दुपारी सिग्नलच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. न्हावी पंच. त्यानं दाढीच्या हिशेबाची पाटी पुसून आणली होती; वहिनीचा आकडा एका बाजूला, पडलेला आकडा दुसऱ्या बाजूला. डेथकिंग टीव्हीवर पंख पसरून उभा. त्याच्याखाली त्याचा जीव लिहिलेला: दीडशे.

"बरं का काकू," सिग्नल म्हणाला, "मी काही मोजत-बिजत नाही. मी फीलवर खेळतो."

"खेळा," वहिनी म्हणाली.

पहिला काज उतरला, डोक्यात भोक असलेला बारका पक्षी. वहिनीनं डोळे मिटले. "घावाचं वजन ऐंशी. जोर एकशेदहा, जाडी पंच्याण्णव." बोटं अंगठ्यावर फिरली. "पावणेएक्केचाळीस, वर दोन, पावणेत्रेचाळीस. त्रेचाळीस धरा. लिहा पंच, छप्पन्न ते पासष्ट."

काजनं चोच मारली. टीव्हीवर डेथकिंगच्या डोक्यावर आकडा उडाला.

चोपन्न.

दुकानात एकच कल्ला. मी तर टाळीच वाजवली. "दोननं हुकली! वहिनी, पाटीचा रंग ओला आहे, बोटं सांभाळून!"

न्हाव्यानं फुली मारली. "एक चूक माफ. आता एकही नाही."

वहिनीला माझं ऐकूच आलं नाही. ती त्या चोपन्नकडे असं बघत होती, जसं शिवलेल्या बाहीकडे बघतात, जी खांद्याला बसत नाही. कमरेला खोचलेला खडू काढला, मांडीवरच्या कापडावर आकडे मांडले.

"मला वाटायचं, बॉबिन चिवट आहे," ती पुटपुटली.

"काय?"

"माझ्या खेळात समोरच्याचा जीव आकड्यात दिसत नाही, नुसती पट्टी दिसते. फक्त आपल्या प्राण्याचा आकडा दिसतो. आणि माझ्या हिशोबापेक्षा बॉबिनचा जीव नेहमी एखाद-दोननं जास्त उरायचा. मला वाटायचं, माझ्यासाठी तग धरते." ती स्वतःशीच हसली, जरा ओशाळून. "वेडी कुठली मी. छत्तीस दीड चोपन्न. म्हणजे दीडपटीच्या आधी छत्तीस होते. पण त्रेचाळीसवर फासा कितीही वाईट पडला तरी साडेछत्तीस येतात. मग वरचा अर्धा गेला कुठे?"

"पळाला असेल," सिग्नल म्हणाला.

"फेकला. मी प्रत्येक ठिकाणी पावणे-साडे आलं की वर ओढते. हातच तसा वळलाय. कापड कमी पडलेलं चालत नाही, जास्त झालेलं आत दुमडता येतं. आणि हा गडी उलटा आहे. सुरुवातीला दोन बोटं माया देतो आणि मग जे पुरं नाही ते सरळ कापून टाकतो." तिनं खडू झटकला. "मीच याच्या हिशोबात माझी माया शिवत होते."

गंमत म्हणजे हे आणखी कोणाच्या हातून घडूच शकलं नसतं. पंचवीस वर्षं शिवणाऱ्या बाईच्याच हातून घडावं. मी हसायला तोंड उघडलं, पण तिच्या कपाळावरची शीर बघून मिटलं.

दुसरा वार डेथकिंगचा, काजवर. "अठ्ठावीस ते चौतीस," ती म्हणाली, आता सावकाश, कडा कापत. एकतीस पडले. काज वाचला, बाहेर झाला. न्हाव्यानं बरोबरची खूण केली.

तिसरा टाचणीचा. टाचणी म्हणजे काडीसारखी बारीक मुंगी, चावली की सोडत नाही. "त्रेचाळीस ते बावन्न."

त्रेचाळीस.

माझ्या मते बरोबर तर बरोबर, पुढे चला. पण वहिनीनं मांडीवर थाप मारली. "सापडला! भाऊजी, सापडला!"

"कोण?"

"कात्री कुठे चालते ते! मला शंका होती, हा प्रत्येक टप्प्यावर कापतो का शेवटी एकदाच. शेवटी एकदाच कापत असता तर हा आकडा चव्वेचाळीसच्या खाली आलाच नसता. त्रेचाळीस आला. म्हणजे प्रत्येक शिवणीला कात्री. प्रत्येक!"

मला त्यातलं निम्मं कळलं. सिग्नलला काहीच कळलं नाही. तो अडकला होता. पण मी आजवर शंभर तिजोऱ्या उघडल्यात, आणि खाच कुठे आहे ते बोटाला लागतं तेव्हा माणसाचा चेहरा कसा होतो ते मला कळतं. कपाळावरची शीर गेली होती. पन्नाशीची बाई, गळ्यात टेप, आणि डोळे असे की आत्ताच कोणीतरी दिवा लावलाय.

चौथा वार टाचणीवर. वहिनीनं बोटं मोजली. "साठ ते बहात्तर," ती म्हणाली. "टाचणीचा जीव अडुसष्ट. सोळातले पाच फासे वाईट."

"मग काढून घे तिला," न्हावी म्हणाला.

"एक वार मारला की एक खायचा. नियम आहे."

डेथकिंगनं गदा फिरवली. एकोणसत्तर.

आकडा बरोबर होता. टाचणी पडली.

कोणीतरी "वा!" म्हणालं. वहिनीनं हातातल्या खेळावर यादी उघडली. टाचणीवर आली. खेळानं विचारलं, खरंच सोडायचं? तिनं 'हो' दाबलं. मोठ्या टीव्हीवर आम्हा सगळ्यांना ते दिसलं. मुंगी वळली, गवतात गेली, यादीतली जागा रिकामी झाली. माझ्याकडे त्या वेळी तीन विनोद तयार होते. एकही बाहेर आला नाही.

"आता अस्तर," मी म्हणालो.

तिनं टीव्हीकडे बोट दाखवलं. टीव्हीवर डेथकिंगचा जीव: त्रेपन्न.

"अस्तर पुरणार नाही," ती म्हणाली. "घरी मोजलं तेव्हा अस्तरचा वार त्रेपन्नला पोचत होता. ते माझी माया धरून. कापून धरलं तर जास्तीत जास्त एक्कावन्न. दोन कमी पडतात."

"मग?"

तिनं यादी खाली सरकवली. यादीत अस्तरच्या खाली एकच नाव होतं.

आता ऐका, मी तसा निर्लज्ज माणूस. पण डेथकिंग पडला पाहिजे, ही अट माझी होती. साबणातून बोललेली. वहिनी नुसत्या आकड्यांवर केव्हाच जिंकत होती.

"वहिनी, राहू दे," मी म्हणालो. "अट सोडली मी. अस्तर उतरव, शेवटचा आकडा सांग, जिंकलीस. डेथकिंग गेला खड्ड्यात."

"ए!" सिग्नल म्हणाला.

"गप रे. वहिनी, बॉबिन मंद आहे, पहिला वार तिलाच खावा लागणार. आणि तिचा जीव किती?"

"चौऱ्याण्णव."

"आणि हा जास्तीत जास्त किती देतो?"

"माया धरून मोजलं तर पंच्याण्णव."

"बघ!"

"काहीच न फेकता मोजलं तरी चौऱ्याण्णवच्या वर जातो," ती शांतपणे म्हणाली. "तरी मरते."

"मग काय बोलतेस काय तू!"

"भाऊजी, जरा गप्प बसा. मी मोजतेय." डोळे मिटले. "घावाचं वजन एकशेवीस. जोर दीडशे. बॉबिनची जाडी एकशेतीस. पन्नासनं भागून साठ... आणि वर जवळजवळ पूर्ण एक. एवढासा कमी." तिनं चिमटीत नख दाखवलं. "नखाएवढा कमी म्हणून सगळाच फेकायचा. साठ. वर दोन, बासष्ट. फासा पूर्ण शंभराचा पडला तरी बासष्ट. बासष्ट दीड..."

तिनं डोळे उघडले.

"लिहा पंच. अठ्ठ्याहत्तर ते त्र्याण्णव. त्याच्यावर नाही."

न्हाव्याचा खडू थांबला. "काकू, एका आकड्याचं अंतर आहे."

"एक भरपूर झाला."

"नखाएवढ्यावर चार वर्षांची बॉबिन लावतेस?" मी म्हणालो. "खरंच सोडतो म्हणतोय ना मी!"

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. आमच्या घरात मी नवा नवा चावी बनवायला शिकलो, तेव्हा दादाच्या कपाटाचं कुलूप बिघडवलं होतं. त्या दिवशी सगळे ओरडत असताना तिनं मला कानस आणून दिली होती आणि म्हणाली होती, घासा, बघू काय होतं. तसंच पाहिलं.

"तुम्ही सोडाल हो. पण मग मला काय कळलं आणि काय नाही, हे मला कसं कळणार?"

आणि तिनं बॉबिनला उतरवलं.

मोठ्या पडद्यावर ती आणखीच लहान दिसत होती. गोल, काटेरी, डोळे दोन टाक्यांएवढे. सिग्नलसुद्धा बटण दाबताना अडकला. मग दाबलं. डेथकिंग वर उडाला, फिरला, सगळी शिंगं एकदम खाली आली. आकडा उडाला.

त्र्याण्णव.

सोळा बाजूंच्या फाशातली सगळ्यात चांगली बाजू सिग्नलच्या नशिबी आली होती. त्याहून मोठा आकडा खेळात नव्हताच. आणि बॉबिनच्या खाली लिहिलेलं होतं: एक.

पट्टी लाल झाली. बॉबिन हलली, शिंगं बाहेर काढली आणि उभी राहिली.

मी काय केलं ते मला आठवत नाही. न्हावी सांगतो, मी त्याला मिठी मारली आणि त्याच्या हातातली पाटी मोडली. सिग्नल पडद्याकडे बोट दाखवून "एक... एक..." म्हणत होता, पुढे सरकतच नव्हता. या सगळ्या गोंधळात वहिनीच तेवढी जागची हलली नव्हती. पदरानं तळहात पुसले, खेळ परत हातात घेतला.

"आता याचे उरलेत त्रेपन्न," ती म्हणाली. "ही कमीत कमी अठ्ठावन्न देते. हे शर्तीत नाही, असंच सांगितलं." आणि बटण दाबलं.

डेथकिंग पडला तेव्हा पंख आधी मिटले, मग शिंगं, मग गदा. अकरा रविवारांचा माज चार सेकंदांत घडी होऊन जमिनीवर पडला. सिग्नलनं स्वतःच्या खुर्चीवरची धूळ झटकली आणि ती वहिनीच्या पुढे सरकवली. "काकू," तो म्हणाला, न अडकता, "ते कापायचं कसं, मला शिकवाल?"

"शिकवीन. आधी तो फील विसरा."

लोकांना वाटतं हुशारी म्हणजे न चुकणं. मी त्या दुपारी पाहिलं ते वेगळंच होतं. बाई चुकली, सगळ्यांसमोर चुकली, वरून मी टाळ्या वाजवल्या. आणि तिनं त्या चुकीलाच धरून उलटं उसवत नेलं, धागा न तोडता, थेट जिथून चूक सुरू झाली तिथपर्यंत. आणि सापडलं काय, तर तिचाच हात, पंचवीस वर्षांची सवय. ती सवय एका मिनिटात बाजूला ठेवणं आणि त्या कोऱ्या हिशोबावर आपला जीव की प्राण उभा करणं! मी कुलपं फोडण्यात आयुष्य घातलं. असं कुलूप मी उघडलेलं नाही.

हे मी तिला सांगितलं नाही. दिराला वहिनीची एवढी स्तुती शोभत नाही. मी एवढंच म्हणालो, "वहिनी, पाटीचा रंग वाया गेला."

"मागच्या बाजूला दुसरं काही लिहा," ती म्हणाली. "उद्या साडेपाचला. गणवेश तयार आहे."

"तयार? कधी शिवलास?"

"गुरुवारी."

*

सोमवारी साडेपाचला मी चौकात, फळाच्या एका उपड्या खोक्यावर उभा होतो. निळी हाफ पँट, पांढरा शर्ट, पट्टा, खिशाला पिन लावून रुमाल. गुडघे, जे मी स्वतः बऱ्याच वर्षांत नीट पाहिले नव्हते, ते आता अख्खा चौक पाहत होता. न्हाव्यानं दुपारी फुकट दाढी करून दिली होती आणि मधोमध भांग पाडून तेल चोपडलं होतं. सिग्नल मोबाइल धरून उभा. शाळा सुटली आणि मुलं, त्यांच्या आया, दोन शिक्षिका, बसची वाट बघणारे, सगळे गोळा झाले.

"मोठ्यानं!" दुकानाच्या दारातून वहिनी म्हणाली. मशीन तिनं खास दाराशी ओढून घेतलं होतं.

"एक दीड दीड!" मी सुरू केलं. "दोन दीड तीन! तीन दीड साडेचार!"

दहापर्यंत मी तडफेनं गेलो. अकरा दीड साडेसोळा. बारा दीड अठरा. मुलं टाळ्यांनी ठेका धरायला लागली, आणि मलाही जरा चढली, मी एक पाय पुढे टाकून हात उंचावले.

"तेरा दीड..."

तेरा दीड. मी सिग्नलसारखा अडकलो. न्हाव्याकडे पाहिलं, तो आकाशाकडे बघत होता. पहिल्या रांगेतली दोन वेण्यांची मुलगी कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत होती, तिला येत असणार.

"वीस?" मी म्हणालो.

"साडेएकोणीस," वहिनी मशीनवरून मान वर न काढता म्हणाली. "परत पहिल्यापासून."

चौकानं एकसुरात ओरडून सांगितलं, परत पहिल्यापासून. मी पँट वर ओढली, पट्टा एक भोक आवळला आणि छाती पुढे काढली.

"एक दीड दीड!"